थंड नळीची पहिली गोळी

ड्राय हॉलो, पेनसिल्व्हेनिया
रविवार, ९ ऑक्टोबर २०११

गेलन,

मागच्या पत्रात मी दोन चुका केल्या. आधी त्या दुरुस्त करते, मग पुढचं.

मी लिहिलं होतं की क्लीटकाकांच्या दुकानामागच्या कुरणात मी एका रायफलने शंभर यार्डांवर तीन गोळ्या झाडल्या आणि तिन्ही भोकं मिळून कोटाच्या एका बटणाखाली झाकली गेली. गोळ्या तीन नव्हत्या, चार होत्या. पहिली वेगळीच लागली, अडीच इंच वर आणि दीड इंच डावीकडे. ती मी तुला सांगितली नाही, कारण तिच्यामुळे चित्र बिघडत होतं.

दुसरी चूक. मी लिहिलं होतं, 'एक डावखुरी रायफल'. ती तुझी होती.

आईचा नियम तुला आठवत असेल. वहीत चूक सापडली तर खोडून काळं करायचं नाही. एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि वर बरोबर लिहायचं. "लपवलेली चूक दोनदा होते," म्हणायची. बारा वर्षं आपण दोघं त्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकलो. तू खोडरबराने कागद फाडायचास आणि मी पट्टी लावून रेघ मारायचे, म्हणून मी शहाणी ठरले. ते किती खोटं होतं हे या पत्रात नाही लिहीत. अजून माझी पुरती खात्री झालेली नाही.

आता क्रमाने सांगते. जुलैमध्ये मला एकवीस पूर्ण झाली. बाबा मक्याच्या कणसाला लोणी चोळत होते. मान वर न करता म्हणाले, "यंदा तुझं वर्ष, तिर्झा." नियम तुला पाठ आहेत, तरी मांडते, कारण लिहिल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट धड कळत नाही. आपल्या घरात प्रत्येकाने आयुष्यात एकदाच रायफल निवडायची. एकच. तीच हरणाला, तीच शेत पोखरणाऱ्या ग्राउंडहॉगला, तीच उन्हाळ्यात शनिवारी कागदावर नेम धरायला. शिकारीचा मोसम उघडायच्या आदल्या संध्याकाळी ती रानातल्या कॅम्पच्या लांब टेबलावर ठेवायची आणि सगळ्यांसमोर सांगायचं की हीच का. मग बाबा बोल्ट मागे ओढून नळी रिकामी आहे ना ते बघतात आणि म्हणतात, "तुझी." पुढे कधी बदल नाही. "पाच रायफली बाळगणाऱ्याला त्यातली एकही ओळखत नाही," हे त्यांचं वाक्य.

म्हणून सप्टेंबरात मी क्लीट झर्बींकडे गेले. त्यांनी हिरव्या फ्लॅनेलवर दोन रायफली मांडल्या.

पहिली बाबांसारखी थर्टी-ऑट-सिक्स. हरणाला तिच्याइतकी दयाळू दुसरी नाही, ते जागच्या जागी बसतं. पण खांद्यावर अशी लाथ घालते की चौथ्या गोळीपासून माझे डोळे आपोआप मिटायला लागले. पाचव्या वेळी क्लीटकाकांनी मला न सांगता पोकळ काडतूस भरलं. मी चाप दाबला. आवाज झालाच नाही, तरी मी अख्खी दचकले.

"बघ," ते म्हणाले, "बंदूक गाढ झोपलीय, आणि तू लाथ खाऊन मोकळी."

दुसरी जाड नळीची टू-ट्वेंटी-थ्री. तीनशे यार्डांवरच्या ग्राउंडहॉगला आपण मेलो हेही कळायचं नाही, इतकी सरळ जाते. कागदावर तर विचारूच नकोस. पण वजन वासराएवढं, आणि हरणासाठी गोळी शेंगदाण्याएवढी. कायद्याला चालते. मला चालणार नाही.

"आणि डोंगरावर न्यायची झाली," क्लीटकाका म्हणाले, "तर आधी खेचर निवड, मग रायफल."

मी म्हटलं, "हरणाला पुरेल एवढी भारी, कागदाला पुरेल एवढी स्थिर, आणि मला उचलेल एवढी हलकी. असं काही नसतंच का?"

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग आत गेले आणि जुन्या लष्करी कांबळ्यात गुंडाळलेली तिसरी घेऊन आले. मी दस्ता पाहिला, आणि त्यावरचा तो ओरखडाही, कुंपणावरून उडी मारताना तू पाडलेला.

तुझी टू-फॉर्टी-थ्री मी कधी झाडली नव्हती, माहीत आहे ना तुला? तू हात लावू द्यायचा नाहीस. आयुष्यभर मी, डावखुरी, उजव्या हाताच्या लोकांच्या रायफलींवरून हात पलीकडे नेत आले, दुसऱ्याच्या ताटातलं मीठ घ्यावं तसा. त्या दिवशी डावा हात नुसता उचलला, आणि तो जिथे गेला तिथेच बोल्ट होता. एवढीशी गोष्ट. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग क्लीटकाकांनी बोल्ट काढून घेतला आणि नळी खिडकीकडे धरली. "आत बघ." आत उजेडाची कडी होती, एकात एक, आणि त्यांना सावकाश पिळत नेणारे आटे, आणि अगदी शेवटी एक छोटं गोल आकाश. मी श्वास घ्यायला विसरले. चर्चमध्ये मला असं क्वचितच होतं. हे लिहायला भीती वाटते, पण खरं आहे.

मग चार गोळ्या. पहिली वर, डावीकडे. "ती सोड," क्लीटकाका म्हणाले, "ती तेलाची." मग तीन एकाच भोकात. शंभर यार्ड म्हणजे आपल्या ओसरीपासून चर्चच्या फाटकापर्यंत. तिथे तीन वेगवेगळ्या वेळी निघालेल्या तीन गोष्टी एकाच दारातून आत गेल्या. मी कागद हातात धरून उभी राहिले.

'तेलाची' म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. विचारायचं धाडस झालं नाही, हे जास्त खरं.

रायफल मोसम उघडेपर्यंत माझ्याकडे ठेवायला त्यांनी दिली आहे. बाबांना ठाऊक नाही; ती धान्याच्या कोठारात आहे. मंगळवारपासून रोज सकाळी एकच गोळी झाडणार आहे. कारण पुढच्या पत्रात.

तुझी,
तिर्झा


रविवार, २३ ऑक्टोबर

गेलन,

दहा सकाळी, दहा गोळ्या, शंभर यार्डांवरून. मधला एक रविवार सोडला.

पाच दिवस मी आदल्या संध्याकाळी नळी घासून लख्ख केली, आतून तेलाचं फडकं फिरवलं, आणि सकाळी थंड नळीने एक गोळी झाडली. पाच दिवस तसं काही केलं नाही. आदल्या गोळीची काजळी आत तशीच राहू दिली. एक दिवस असं, एक दिवस तसं, म्हणजे वाऱ्याला दोष देता येऊ नये.

काजळीच्या पाचही मध्यावर.

तेलाच्या पाचही अडीच इंच वर, दीड इंच डावीकडे. गेलन, पाचही. मला वाटलं होतं तेलाने गोळी कुठेही भरकटत असेल, मांजराच्या पिल्लासारखी. ती भरकटत नाही. रोज एकच खोटं बोलते, शब्दही न बदलता. पाचवं भोक चौथ्याला चिकटलेलं पाहिलं तेव्हा मी गवतावर बसून घेतलं. एवढ्या पातळ गोष्टीत, बोटाला लागलेलंही कळणार नाही एवढ्या तेलात, इतका निश्चय असतो.

मग काल, शनिवारी, मी विजेच्या तारांखालच्या पट्ट्यात गेले. तुझ्या ओकच्या बुंध्यापासून बर्चच्या झाडापर्यंत पावलं मोजली. तू अडीचशे म्हणाला होतास. अडीचशे चार भरले. आईचं हरणाचं चित्र काढून नेलं होतं, आपल्याला शिकवायला तिने खऱ्या मापाचं काढलेलं, समोर तोंड करून उभं, खडूने हृदय आणि फुप्फुसं दाखवलेली. ते मूळ चित्र नव्हे. त्यावर माझ्याने गोळी झाडवली नसती. मी कापडावर गिरवून घेतलं. बर्चला टांगलं. नळी आदल्या संध्याकाळी तेलाने पुसली होती. तुझ्यासारखीच बुंध्यावर टेकवून छातीच्या मध्यावर नेम धरला आणि चाप इतका हळू दाबला की गोळी सुटली तेव्हा मलाच आश्चर्य वाटलं.

चालत गेले. छाती कोरी होती. भोक सव्वासहा इंच वर आणि जवळजवळ चार इंच डावीकडे होतं.

जबड्यात.

आता ते लिहिते ज्याच्यासाठी हे सगळं केलं.

सोमवारी, ३० नोव्हेंबर २००९ ला, शिकारीच्या पहिल्या दिवशी, तू त्या बर्चपाशी उभ्या असलेल्या नरावर गोळी झाडलीस आणि तो जबडा लोंबत असताना पळाला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो ओढ्यात उभा सापडला. पाण्यात तोंड घालून उभा होता आणि त्याला पिता येत नव्हतं. बाबांनी त्याला संपवलं. मी काठावर होते. अजून ओढ्यावर जाते तेव्हा आधी त्या जागी बघते.

संध्याकाळी कॅम्पवर बाबांनी कात्री मागवली. नेम चुकणाऱ्याच्या शर्टाचं शेपूट कापून भिंतीवर ठोकायचं, हे तिथे सगळे हसत हसत करतात. त्या दिवशी कोणी हसलं नाही, असं मला सांगितलं. ते म्हणाले, "चाप दाबायचा असतो, ओढायचा नसतो. ज्याला एवढा धीर नाही त्याने माझ्या रानात पाऊल टाकू नये." तू म्हणालास, "बरं." आणि सकाळी निघून गेलास. आज जवळजवळ दोन वर्षं तू नॉर्थ डकोटात तेलविहिरीवर पाइप उचलतोस, फोनवर आमचा आवाज ऐकला की ठेवतोस, आणि तुझ्या शर्टाचा निळा तुकडा नाव-तारखेसकट त्या भिंतीवर आहे.

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, तू लाकडं फोडत होतास. रायफल ओसरीवर टेकवलेली होती. आई जाऊन सात महिने झाले होते आणि मी घरातली प्रत्येक वस्तू घासत सुटले होते. तुला आठवतं, मी कोंबड्यांची भांडीसुद्धा उकळली होती. मी तुझी रायफल आत नेली, नळीत सळई घातली, काळं फडकं निघालं ते पाहून मला तुझी लाज वाटली. पांढरं निघेपर्यंत घासली. मग तेल. मग होती तशी जागेवर ठेवली.

ओढ्याच्या काठावर तू मला विचारलंस, "तू माझ्या रायफलला हात लावला होतास?" मी म्हटलं, "नुसता दस्ता पुसला."

तेव्हा तेलाने काय होतं ते मला ठाऊक नव्हतं, देवाशपथ. पण तू ज्या आवाजात विचारलंस त्यावरून काहीतरी होतं एवढं कळलं, आणि मी खोटं बोलले.

त्या वाक्यावर ही एक रेघ. वर बरोबर लिहिते: मी तुझी नळी आतून धुतली. तू चाप ओढला नव्हतास. तुझा नेम मध्यावर होता.

तिर्झा


रविवार, ६ नोव्हेंबर

गेलन,

तुझं कार्ड मंगळवारी आलं. दोन वर्षांत पहिलं. दोन ओळी: 'बाबांना काही सांगू नकोस. तुझं वर्ष खराब होईल.'

मी ते इतक्या वेळा वाचलं की कोपरा मऊ झाला. तू रागावशील अशी मी तयारी केली होती. तू 'काय?' असंही लिहिलं नाहीस. नवं काही कळलेला माणूस असं लिहीत नाही. म्हणून मी रायफल गाडीत टाकली आणि क्लीटकाकांकडे गेले.

ते दाराशी बसून सफरचंद सोलत होते. मी विचारलं, "गेलनने ही तुमच्याकडे ठेवली तेव्हा काय म्हणाला?"

"परत आणलीस? नको झाली?"

"काय म्हणाला ते सांगा ना."

"तुमच्या घरात सगळेच असे. 'कसे आहात क्लीटकाका, गुडघा कसा आहे', काही नाही. थेट गोळी."

"तुमचा गुडघा कसा आहे?"

"वाईट." त्यांनी सालीची लांब दोरी पायाशी सोडली. "भल्या सकाळी आला. दुकान उघडलंही नव्हतं. नळीतून पांढरं फडकं फिरवून माझ्यासमोर टाकलं. म्हणाला, 'बघा काका, एक गोळी झाडलीय, तरी केवढी स्वच्छ.' मी म्हटलं, अरे, शिकारीच्या आदल्या दिवशी नळी कोण धुतं? नेम बसवून झाला की महिनाभर हात लावायचा नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तर म्हणाला—"

"काय म्हणाला?"

"म्हणाला, 'घरात एक जण आहे, तिची माझ्यावर फार माया आहे.' मग टोपी घातली आणि गेला. विकायची नाही म्हणाला. फेकायचीही नाही."

मी तिथे पायरीवर बसले. विचारलं, "तुम्ही बाबांना का नाही सांगितलं?"

"लॅमारने विचारलं नाही. मी न विचारता फक्त बंदुकांबद्दल बोलतो, पोरी. माणसांबद्दल विचारल्यावरसुद्धा विचार करतो." मग सफरचंदाची एक फोड माझ्यापुढे केली. "खा. पांढरी पडलीयस."

गेलन, मी या दोन महिन्यांत खूप अचाट गोष्टी पाहिल्या. तीन गोळ्या एका दारातून जाताना पाहिल्या, आणि थेंबभर तेलाने हरणाचं आयुष्य सहा इंच सरकवलेलं पाहिलं. पण कॅम्पमध्ये दहा जणांसमोर उभा राहून, शर्ट कापला जात असताना, 'माझ्या बहिणीने केलं' हे तीन शब्द ज्याच्या तोंडाशी होते आणि जो 'बरं' एवढंच म्हणाला, त्याच्या जवळपास जाईल असं मी काही पाहिलेलं नाही. मला वाटायचं तू रागाने गेलास. तू थांबला असतास तर कधीतरी बोलला असतास. म्हणून गेलास का? उत्तर देऊ नकोस. मला दुसऱ्या कुठल्याही उत्तराची भीती वाटते, आणि याचीही.

तुझ्या कार्डाचं काय करायचं ते मला कळत नाही. तू मला गप्प राहायला सांगतोस. मी आयुष्यभर सांगितलेलं ऐकत आले.

तिर्झा


रविवार, २० नोव्हेंबर

गेलन,

काल आम्ही बलोनीची सॉसेजं भरली. पाच हरणांचं मांस, सगळं शेजाऱ्यांनी दिलेलं, धनुष्यबाणाच्या मोसमातलं. गेल्या दोन मोसमांत बाबांनी एकही मारलेलं नाही. ते रोज पहाटे जातात, रोज संध्याकाळी येतात आणि 'दिसलं नाही' म्हणतात. पट्ट्यात इतकी हरणं आहेत की मोजता येत नाहीत. हे मी आधीच्या कुठल्याच पत्रात लिहिलं नव्हतं. तीही चूकच.

ते यंत्राची मूठ फिरवत होते, मी पिशवी धरली होती.

"ठरलं का?" त्यांनी विचारलं.

"जवळजवळ."

"जवळजवळ म्हणजे चुकला. टू-ट्वेंटी-थ्री नको घेऊस. मुलीला हलकी म्हणून क्लीट तीच गळ्यात मारेल."

"ती हलकी नाही. वासराएवढी आहे."

"मग तर नकोच." हे त्यांचं हसणं. मूठ चार-पाच वेळा फिरली. मी पिशवीकडे बघत विचारलं, "बाबा, कधी रायफलचाच दोष असला तर?"

"कशात?"

"नेम चुकण्यात."

मूठ थांबली. "रायफलचा दोष नसतो. नसतोच. तो एकदा मानला की माणूस पुढे काही शिकत नाही." ते परत फिरवायला लागले. पिशवी भरली, मी गाठ मारली, दुसरी लावली. ती अर्धी झाल्यावर ते म्हणाले, "असता तर बरं झालं असतं."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण माझे दोन्ही हात मांसाने माखलेले, त्यांचेही, आणि आम्ही दोघंच. मला वाटलं, त्यांनी तुला दहा जणांसमोर सांगितलं. मी एकांतात, हात धुवायच्या आधी सांगून कसं भागेल? हा भित्रेपणा होता की न्याय, हे मी रात्रभर नाही पण सकाळची अख्खी प्रार्थना होईपर्यंत तपासलं. थोडा भित्रेपणा होता. उरलेला न्याय होता.

प्रार्थनेनंतर तारांखालच्या पट्ट्यात गेले. आज रविवार, शिकार नाही; म्हणून रायफल घरी ठेवून नुसती दुर्बीण नेली, खिशात. तुझ्या बुंध्यावर कोपर टेकवून बसले. बर्चपाशी एक नर आला. आठ टोकांच्या शिंगांचा असेल. आला आणि वळला आणि माझ्याकडे तोंड करून उभा राहिला, अगदी त्या चित्रासारखा. दुर्बिणीत त्याच्या नाकपुड्यांतून वाफ निघताना दिसत होती. खालचा ओठ ओला होता. जबडा सावकाश हलत होता, काहीतरी चघळत होता, बहुतेक ओकचं फळ. मी त्या जबड्याकडे बघत राहिले. किती साधी गोष्ट, चघळणं. ती चालू राहावी म्हणून किती गोष्टी बरोबर असाव्या लागतात: डोळा, हात, चाप, नळीच्या आतली काजळी, आणि घरातल्या कोणाचं तरी खरं बोलणं. तो गेला तेव्हा मला कळलं की मी दोन्ही हात छातीशी धरले होते.

तिथेच ठरलं.

मी टेबलावर तुझी रायफल ठेवणार आहे.

तू म्हणशील, ती तुझी आहे, मला ती निवडता येत नाही. खरं आहे. मी ती माझ्यासाठी निवडणार नाही. पण निवडणाऱ्याने कारण सांगायचं आणि बाकीच्यांनी शेवटपर्यंत ऐकायचं, मध्ये कोणी बोलायचं नाही, हा आपल्या घरात एकच क्षण असतो जेव्हा बाबांनाही गप्प बसावं लागतं. मला दुसरा तसा क्षण आयुष्यात मिळणार नाही. मी सांगेन की ही रायफल हरणालाही पुरते, ग्राउंडहॉगलाही आणि कागदालाही, आणि ही कधीच चुकलेली नाही. मी चुकवली. मी दहाही कागद आणि ते कापड सोबत नेते आहे. कापडाला कोणी नाकारू शकत नाही. मग सांगेन की माझी निवड मी यात खर्च केली, आणि आता बाबांनी बोल्ट ओढून नळी बघावी आणि 'गेलनची' म्हणावं.

ते म्हणतील की नाही, मला माहीत नाही. म्हणाले तरी दुसरी निवड मला मिळणार नाही. नियम तो नियम. त्या डाव्या बाजूच्या बोल्टवर माझा हात कसा बसला होता ते मी विसरायचा प्रयत्न करते आहे, आणि मला ते जमत नाही, हेही खरं म्हणून लिहिते. ती परत त्या कांबळ्यात जाईल, पण आपल्या घरातल्या कांबळ्यात. तू येशील तेव्हा येशील. नळी घाणच ठेवीन.

आणि कात्री मी घरूनच नेते. आईने शिवलेला तपकिरी फ्लॅनेलचा शर्ट घालणार आहे, तोच लांब आहे मागून. तुझा निळा तुकडा खाली काढायचा तर त्या खिळ्याला काहीतरी लागेलच. नाव आणि तारीख मी आत्ताच शाईने कापडाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवली आहे, म्हणजे अक्षर चांगलं दिसेल: तिर्झा हॅकेनबर्ग, २९ नोव्हेंबर २००९, ओसरी.

तू सांगितलंस ते मी ऐकत नाही. पहिल्यांदाच. मला माफ कर, किंवा नको करूस. पण कार्डाने आता मला थांबवता येणार नाही, हे पत्र तुझ्या हातात पडून तुझं उत्तर येईपर्यंत झालेलं असेल. म्हणून मुद्दाम आजपर्यंत थांबून टाकते आहे. हा लबाडपणा आहे आणि तो मी कबूल करते.

बाबा दुपारी चारला कॅम्पवर शेगडी पेटवतात. पाचला सगळे टेबलाभोवती बसतात. मी पॉट पायच्या रश्श्याचं मोठं पातेलं घेऊन येईन, ते खाली ठेवीन, आणि जेवणाच्या प्रार्थनेचं 'आमेन' झालं की कोणी चमचा उचलायच्या आत उभी राहीन: येत्या रविवारी, २७ नोव्हेंबरला.